पांढरा गोकर्ण

सकाळी सात वाजता पद्मल मगदूमच्या फाटकापाशी जी माणसं उभी असतात, त्यांच्या पिशव्यांत मळके कपडे असतात. बनियन, उशीचे अभ्रे, मानेचा घाम मुरलेल्या ओढण्या. जयसिंगपूरहून शिरोळकडं जाणाऱ्या नवख्या माणसाला वाटावं, इथं लॉन्ड्री आहे. फक्त या लॉन्ड्रीत धुतलेलं कापड चालत नाही.

पद्मल टेबलाशी बसून एकेकाचा अर्ज भरून घेते. वय सत्तावन्न, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि आवाज शेवटच्या फेरीच्या कंडक्टरसारखा.

"कापड कुणाचं?"

"मुलाचं."

"त्याला माहीत आहे? सही त्याचीच ना?"

"होय की."

"किती दिवस अंगावर होतं?"

"चार दिवस. आंघोळ झाल्यावर परत तेच घालायला लावलं बघा."

"मधे दुसऱ्या कुणी वापरलंय का? आठवून सांगा. भावानं, बापानं?"

हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कापड दुसऱ्याच्या अंगाला लागलं असेल, तर वेल त्या दुसऱ्याचंच गाऱ्हाणं सांगते. गेल्या सहा वर्षांत पद्मलनं हा प्रश्न काही हजार वेळा विचारला असेल. झोपेत सुद्धा विचारते, असं तिची मुलगी म्हणायची.

त्यामागचं शास्त्र समजायला फारसं अवघड नाही. कंपवात ओळखू येतो तो हात थरथरायला लागल्यावर, पण अंगात शिरलेला असतो त्याच्या कितीतरी वर्षं आधी. त्या काळात माणसाच्या कातडीवरच्या तेलात थोडा फरक पडतो आणि त्या तेलाला वेगळा वास येऊ लागतो. आपल्या नाकाला तो कळत नाही. झाडांना नाक नसतं, पण वास त्यांना आपल्यापेक्षा बरा कळतो. शेजारच्या रोपाला अळी लागली की तिथून सुटलेला वास ओळखून दुसरं रोप आपली पानं कडू करून ठेवतं. शास्त्रज्ञांनी नेमकं हेच धरलं. गोकर्णाच्या वेलीत त्यांनी असा जनुक बसवला, की त्या ठरावीक तेलाचे कण पानाला लागले की नव्या कळीत निळा रंग तयार व्हायचं काम बंद पडतं. वास नसला तर फूल नेहमीसारखं गर्द निळं. असला तर पांढरं. बंद काचेच्या पेटीत वेलीशेजारी कापड टांगल्यापासून फूल उमलेपर्यंत नऊ दिवस लागतात. शंभरातली चौऱ्याण्णव उत्तरं बरोबर येतात. रोग दहा वर्षांनी उभा राहील की पंचवीस, हे वेल सांगत नाही. आधी कळलं तर औषधानं तो लांबवता येतो, घालवता येत नाही.

लोक या वेलीला पारख म्हणतात. ती काढली होती औषधोपचारासाठी, लोकांनी वापरली लग्नासाठी. दोन-तीन वर्षांत पत्रिका मागं पडली आणि पारख पुढं आली. मुलगी बघायला गेलं की पोहे, चहा, आणि मग मुलीनं स्वतः कुंडी उचलून आणून पाहुण्यांसमोर ठेवायची, अशी रीतच पडली. मुलाकडची वेलही मागता येते म्हणतात. मागितलेली कुणी पाहिली नाही. देवाला वाहायला म्हणून अंगणात लावलेले साधे पांढरे गोकर्ण लोकांनी मुळासकट उपटून टाकले. शेजाऱ्यापाजाऱ्यांना उगीच शंका नको.

पद्मलचं हरितगृह मुळात असल्या कामाचं नव्हतं. घरामागच्या दोन गुंठ्यांत तिनं ते हौसेनं उभं केलं होतं, गरम दमट प्रदेशातल्या फुलवेलींसाठी. तिच्याकडं चार रंगांची कृष्णकमळं होती, पिवळा अलमांडा होता, छतावरून लोंबणारी थनबर्जिया होती, आणि सात वर्षं वाट पाहायला लावून फुललेली जेड वेल होती. तिचे पाचूच्या रंगाचे हातभर लांब घोस बघायला कोल्हापूरहून माणसं यायची. मग नवरा पारिसा अंथरुणाला लागला, रोपं घेऊन प्रदर्शनांना फिरणं बंद झालं, आणि घरी बसून होईल असं काम म्हणून पद्मलनं पारखचा परवाना घेतला. चोवीस काचेच्या पेट्या मांडायला जागा हवी होती. एकेक वेल निघाली. जेड वेल तेवढी कोपऱ्यात राहिली, पण तिच्याकडं बघायला आता वेळ कुणाला होता?

पारिसाला कंपवात होऊन बारा वर्षं झाली होती. त्याच्या आधी त्याच्या वडिलांना होता. आणि त्याच्याही आधी एक गोष्ट होती, जी पद्मलनं कधी बोलून दाखवली नव्हती पण एक दिवसही विसरली नव्हती. चौतीस वर्षांपूर्वी ती हे घर बघायला आई-वडिलांबरोबर आली, तेव्हा सासरे दिसले नाहीत. श्रवणबेळगोळला दर्शनाला गेलेत, असं सांगितलं. लग्नानंतर पाचव्या दिवशी मागच्या खोलीतून ताट वाजल्यासारखा आवाज आला, थांबेचना, म्हणून तिनं दार ढकललं. गुंडाळलेल्या गादीवर एक म्हातारा माणूस मांडीवर ताट घेऊन बसला होता, आणि त्याचा हात ताटावर वाजत होता. ती घर बघायला आली त्या दिवशी देखील तो तिथंच बसलेला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. आठ वर्षं तिनं त्याला भरवलं, आणि मग काही वर्षांनी नवऱ्याला.

तिला एकच मुलगी, त्रिशला. वय एकोणतीस, इचलकरंजीच्या दूध डेअरीत प्रयोगशाळेत कामाला. आणि अभिनंदन चौगुले हा तिनं स्वतः निवडलेला मुलगा. दोन वर्षांपूर्वी तो हरितगृहात धुकं सोडणारे फॉगर बसवायला आला होता. ते फॉगर जरा जास्तच वेळा बिघडायला लागले, तेव्हाच पद्मलनं ओळखायला हवं होतं.

"पुढच्या महिन्यात दुसऱ्या रविवारी त्याची आई येते म्हणाली," त्रिशला एका सकाळी म्हणाली. "रीतसर बघायला."

"येऊ देत की."

"तुला आवडलेला नाही का तो?"

"चांगला आहे," पद्मल म्हणाली, आणि ते खरं होतं. पण आदल्याच दिवशी अभिनंदन चहा प्यायला ओसरीवर बसला होता आणि त्याच्या हातातला कप बशीवर किणकिणला होता. एकदाच. होणाऱ्या सासूसमोर कुठल्याही पोराच्या हातातला कप किणकिणतो, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण ज्या बाईनं वीस वर्षं तो आवाज ऐकलाय, तिच्या पोटात एकदाच वाजलेला कपही जाऊन बसतो.

त्याची वेल मागायची? राजमतीबाई, म्हणजे अभिनंदनची आई, काय म्हणतील? मुलीकडच्यांनी वेल मागितली असं म्हणत अख्खा तालुका हसेल. आणि पोरीला सांगायचं तर ती भडकेल.

ओसरीत खुंटीवर एक स्कार्फ होता. तपकिरी चौकड्यांचा, सुती. महिन्याभरापूर्वी अभिनंदनच्या गळ्यात तिनं तो बघितला होता, इथंच विसरून गेला असणार. रात्री त्रिशला झोपल्यावर पद्मलनं तो खुंटीवरून काढला, सतरा नंबरच्या पेटीत टांगला आणि काच लावली. अर्ज भरला नाही. कुणाची सही घेतली नाही. दुसऱ्याच्या नकळत कापड आणणाऱ्यांना फाटकावरून परत पाठवणारी बाई ती. तिला स्वतःची लाज वाटली. पण लाजेपेक्षा थकवा मोठा होता. पोरीनं आपल्यासारखं आयुष्य काढू नये, एवढंच तिला हवं होतं. सकाळी कामावर निघताना त्रिशलानं स्कार्फ कुठंय म्हणून विचारलं, तेव्हा पद्मल धुवायला टाकलाय म्हणाली.

दहाव्या दिवशी सकाळी सतरा नंबरच्या पेटीत तीन फुलं उमलली होती. तिन्ही पांढरी.

पद्मल पेटीसमोरच्या स्टुलावर बसून राहिली. फाटकाशी माणसं खोळंबली होती, त्यांना तिनं उद्या या म्हणून सांगितलं.

रविवार होता. त्रिशला वडिलांना, म्हणजे अप्पांना, आंघोळ घालून खुर्चीत बसवत होती. पद्मलनं नाचणीची आंबील आणली, पारिसाच्या हनुवटीखाली फडकं लावलं आणि बसता बसताच बोलून टाकलं.

"त्रिशला, हे लग्न करू नको."

"आता काय झालं?"

"अभिनंदनचं कापड मी टांगलं होतं. पांढरं आलं."

"त्याला न विचारता?"

"होय."

"आई, तुझा परवाना जाईल! आणि तू... तूच सगळ्यांना शिकवतेस की."

"जाऊ दे परवाना."

त्रिशला खाली बसली. तिचे डोळे भरले. ती म्हणाली, "बरं. पांढरं तर पांढरं. तू अप्पांचं केलंस नव्हं? मी त्याचं करीन."

पद्मलच्या हातातला चमचा वाटीत पडला. "मी केलं, कारण मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "माहीत असतं तर मी या घराचा उंबरा ओलांडला नसता."

हे वाक्य तिनं चौतीस वर्षं सांभाळून ठेवलं होतं. ते आज निघालं, आणि निघालं तेही पारिसासमोर. पारिसाचं तोंड उघडंच राहिलं, ओठाच्या कडेनं आंबील ओघळली. त्याला बोलायला वेळ लागायचा, कधी कधी एका शब्दाला मिनिट जायचं, पण ऐकू त्याला सगळं यायचं. पद्मलनं फडक्यानं त्याची हनुवटी पुसली आणि त्याच्या डोळ्यांकडं बघायचं टाळलं.

"कुठलं कापड टांगलंस?" त्रिशलानं विचारलं.

"स्कार्फ. तो चौकड्यांचा, खुंटीवरचा."

त्रिशलाच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू ओसरला आणि तिथं वेगळंच काहीतरी आलं. "धुवायला टाकलाय म्हणालीस तोच?"

"तोच."

"आई, तो त्यानं मला कधीच देऊन टाकलाय. महिनाभर मीच बांधत होते."

"बांधत होतीस म्हणजे?"

"स्कूटीवर. तोंडाला. रोज, जाताना-येताना." ती उठून उभी राहिली. "त्याच्या आधी मी तो एकदा धुतला पण होता. त्यात त्याचं काही राहिलंच नसेल."

पारिसाच्या खुर्चीच्या हाताला त्याची बोटं लागून बारीक आवाज येत होता, तेवढाच.

जिल्ह्यातल्या पोरी स्कूटीवर बसताना तोंडाला स्कार्फ गुंडाळतात. पद्मलनं आपल्या मुलीला सकाळ-संध्याकाळ तशी बघितली होती. पण ते बघणं म्हणजे घड्याळ बघण्यासारखं झालं होतं. कुठल्या रंगाचा स्कार्फ, हे कोण बघतंय? हजारो लोकांना विचारलेला प्रश्न तिनं या एका कापडाला विचारला नव्हता. विचारणार कुणाला, चोरून आणलेलं ना? आणि याहून मोठी गोष्ट आता उघडी पडली होती. सासऱ्यांना झाला, नवऱ्याला झाला, आणि चोवीस पेट्या दारात असताना तिनं पोटच्या पोरीचं कापड कधी टांगलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण हा अंधार तिनं जाणूनबुजून ठेवला होता.

दुसऱ्या दिवसापासून त्रिशलानं तोच एक कुर्ता चार दिवस घातला. मग स्वतःच्या अक्षरात अर्ज भरला. कापड कुणाचं: माझं. दुसऱ्या कुणी वापरलं का: नाही. सही केली आणि तो अर्ज आईपुढं ठेवला, बाकीचे लोक ठेवतात तसा.

"अभिनंदनला सांगितलंस?" पद्मलनं विचारलं.

"नाही. त्याला सांगितलं तर तो लगेच म्हणेल, असू दे, काही होत नाही. बोलायच्या आधी विचार करायची सवयच नाही त्याला." ती थोडी हसली. "आणि चौऱ्याण्णव बरोबर म्हणजे सहा चूक. त्या सहांत मी असेन."

ती त्या सहांत नव्हती. कुर्त्याच्या पेटीतली फुलंही पांढरीच उमलली. त्या दिवशी पद्मलनं तिला जवळ घेतलं. मायलेकी हरितगृहात दमट उबेत बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या, वरून फॉगर मधूनमधून त्यांच्या केसांवर धुकं सोडत होते. पद्मलला रडू आलं नाही. आपण आतून इतक्या वाळून गेलोय की रडायलाही ओल उरली नाही, असं तिला वाटलं, आणि पोरीसाठी न रडता येणं याचंच तिला फार वाईट वाटलं.

पाहुणे यायच्या दिवशी दुपारी त्रिशला स्वयंपाकघरात आली. अंगावर मोरपंखी साडी होती. पद्मल पोहे भिजवत होती. चौगुल्यांकडं कांदा-बटाटा चालत नाही, म्हणून नुसते मटार आणि ओलं खोबरं. राजमतीबाई दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या, त्यांना चारच्या आत बोलावलं होतं.

"आई," त्रिशला हळूच म्हणाली, "आठ पेट्यांत निळी फुलं आहेत आज."

पद्मलचा हात पोह्यांत थांबला.

"कुंड्या सगळ्या सारख्याच. नावाची चिठ्ठी तेवढी बदलायची." त्रिशलानं साडीचा पदर खोचला. "मला अजून दहा-वीस वर्षं आहेत, आई. तोवर औषध निघेल एखादं. आणि त्याच्या आईला निळं बघायचंय, ते बघून त्या खूष होतील. कुणाचं काय जाणार आहे?"

यात एकही शब्द खोटा नव्हता. राजमतीबाईंनी फोनवर स्वतःच म्हटलं होतं, पद्मलताई, तुमच्याच घरची वेल, त्यात काय बघायचंय, आपली रीत म्हणून ठेवा समोर. पद्मलच्या परवान्यावर तालुक्यातली चारशे लग्नं उभी होती. तिनं निळी कुंडी ठेवली असती तर देवानं ठेवल्यासारखी ती लोकांनी मानली असती.

"तुझ्या आज्जीनं हेच केलं होतं," पद्मल म्हणाली. आणि मग तिनं पोरीला पहिल्यांदाच ती गोष्ट सांगितली: श्रवणबेळगोळ, मागची खोली, पाचव्या दिवशी वाजलेलं ताट. "मला राग रोगाचा कधीच आला नाही गं. भरवायचं कामही जमून गेलं. पण मला कुणी विचारलं नाही. बावीस-तेवीस वर्षांची पोर होते मी. विचारलं असतं तर मी होय म्हटलं असतं की नाही, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. तेवढं मात्र माझं कायमचं गेलं."

त्रिशला ओट्याला टेकून उभी होती.

"तुझी गोष्ट तुझी आहे," पद्मल पुढं म्हणाली. "मी तोंड उघडणार नाही. पण खोटी कुंडी मी उचलून देणार नाही. रीतीप्रमाणं तूच आण. जी आणशील ती."

पारिसाला तिनं नवा सदरा घातला, खुर्ची ढकलत बाहेरच्या खोलीत आणली आणि पाहुण्यांच्या कोचासमोर लावली. पारिसानं हात हलवला, नेहमीच्या थरथरीपेक्षा जास्त. ओठ जुळवायला त्याला वेळ लागला.

"आत... ने."

"का?"

"लोक... येतील."

"येऊ देत. तुम्ही इथंच बसायचं," पद्मल म्हणाली आणि खुर्चीचा ब्रेक लावला.

पाहुणे वेळेवर आले. राजमतीबाई शिक्षिका होत्या, निवृत्त होऊन वर्ष झालेलं, बोलायला मोकळ्या. पारिसाला बघून त्या क्षणभर थबकल्या, मग हात जोडून "जयजिनेंद्र" म्हणाल्या. आजारी आहेत हे त्यांना ठाऊक होतं, पण समोर बसलेले असतील असं कुणी धरत नाही. अभिनंदन नवा शर्ट घालून अवघडून बसला होता. त्यानं खुर्ची सरकवून पारिसाशेजारी घेतली.

पोहे झाले. राजमतीबाईंनी साखरेचं प्रमाण विचारून घेतलं. चहा झाला. पद्मलच्या हातातला कप या वेळी बशीवर किणकिणला, तिनं तो घाईनं खाली ठेवला.

"मग," राजमतीबाई हसून म्हणाल्या, "वेल तेवढी आणा, म्हणजे रीत पुरी झाली. तारीख काढायला आम्ही मोकळे."

त्रिशला उठून मागच्या दारानं हरितगृहात गेली.

पद्मल दाराकडं बघत बसली. पोरीला तिनं जे काही सांगितलं होतं ते मनापासून सांगितलं होतं. पण खरं सांगायचं तर आता या क्षणी तिला निळी फुलं हवी होती. तिनं मनातल्या मनात त्यासाठी हातसुद्धा जोडले. येऊ दे निळी. होऊ दे लग्न. दहा वर्षं का होईना, सुखाची जाऊ देत माझ्या पोरीची. आपण एवढ्या वर्षांचा राग एका दुपारीत सोडून द्यायला तयार आहोत, हे बघून तिला नवल वाटलं. सासूनं तेव्हा असंच तर केलं नसेल, आपल्या पोरासाठी? हा विचार चौतीस वर्षांत तिला पहिल्यांदाच आला.

त्रिशला परत आली. साडीचा पदर खोचलेला, दोन्ही हातांत कुंडी. तिनं ती टेबलाच्या मधोमध ठेवली आणि चिठ्ठी पाहुण्यांकडं वळवली. चिठ्ठीवर तिचं नाव होतं. वेलीवर पाच फुलं होती, दुधासारखी पांढरी.

राजमतीबाई आधी फुलांकडं, मग पारिसाकडं, मग परत फुलांकडं बघत राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला, पण त्यात राग नव्हता. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली.

"दाखवलंत, हे उपकार झाले," त्या शेवटी म्हणाल्या. "पण ताई, मलाही एकच मुलगा आहे."

"होय," पद्मल म्हणाली. "मला कळतं."

अभिनंदन उठला नाही. "आई, तू गाडीत बस. मी आलोच," तो म्हणाला. राजमतीबाई गेल्यावर तो त्रिशलाकडं वळला. "मला काही फरक पडत नाही. मी..."

"गप्प," त्रिशला म्हणाली. "आत्ता नाही. वेलीला सांगायला नऊ दिवस लागतात, तुला नऊ मिनिटं पण नकोत? घरी जा. अप्पांकडं नीट बघून जा. नऊ दिवस विचार कर, आणि नाही म्हणावंसं वाटलं तर सरळ नाही म्हण."

अभिनंदननं खरोखरच पारिसाकडं बघितलं. हनुवटीखालचं फडकं बघितलं, खुर्चीच्या हातावर नाचणारी बोटं बघितली, पायाला लावलेला पट्टा बघितला. त्याचा चेहरा फिका पडला. ते बघून पद्मलला बरं वाटलं, कारण हा पोरगा आता खरंच विचार करत होता.

जाताना ओसरीत तो थांबला. धुतलेला स्कार्फ परत खुंटीवर होता.

"नेतोस?" त्रिशलानं विचारलं.

त्यानं हात पुढं केला आणि मागं घेतला. "असू दे," तो म्हणाला. "नऊ दिवसांनी येतो. स्कार्फ न्यायला म्हण, नाहीतर..." तो पायऱ्या उतरून गेला.

त्रिशला कुंडी उचलून हरितगृहात गेली आणि तिनं दार आतून लावून घेतलं. पद्मलनं तिला जाऊ दिलं. उन्हं कलली होती. उरलेले पोहे तिनं ताकात कालवून मऊ केले, वाटी घेऊन पारिसासमोर स्टूल ओढलं आणि चमचा भरला.

पारिसानं तोंड उघडलं नाही. त्याचे ओठ जुळत होते, सुटत होते. पद्मल चमचा धरून थांबली. तिला थांबायची सवय होती.

"सांगायला," पारिसा म्हणाला. बराच वेळ गेला. "हवं... होतं."

पद्मलनं चमचा वाटीत ठेवला. हे तीन शब्द तिनं लग्नानंतरच्या पाचव्या दिवसापासून मागितले होते, पण कधी तोंडानं नाही. आता ते आले तर काय करायचं, हे तिला सुचेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला नवऱ्याच्या डोळ्यांत नीट बघता आलं.

"होय," ती म्हणाली. "हवं होतं."

पारिसाच्या गालावरून पाणी ओघळलं. तिनं त्याच फडक्यानं ते पुसलं आणि चमचा परत भरला.

"सांगितलं असतं तर आले असते की नाही, मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "आता आ करा. दिवस मावळायला आलाय."